पाठिंबा, हातचा राखून

उमेदवारी अर्ज मागे घ्यायची मुदत संपली की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक ठरलेला मथळा असतो: 'बंडोबा झाले थंडोबा'. तिकीट मिळालेला आणि तिकीट कापलेला असे दोघे फोटोत शेजारी-शेजारी, आणि मध्ये दोघांचे हात उंच धरून जिल्ह्याचा नेता. चार दिवसांनी सभा होते. नाराज नेता बोलायला उभा राहतो. पक्षानं आपल्याला काय काय दिलं ते सांगतो. समोरच्या पक्षानं कसं वाटोळं केलं ते त्याहून जोरात सांगतो. पक्षाचा आदेश शिरसावंद्य म्हणतो, चिन्हाचं नाव घेतो आणि खाली बसतो. उमेदवाराचं नाव तेवढं राहून जातं. टाळ्या पडतात. सभेहून परतताना जीपमधला कार्यकर्ता शेजारच्याला म्हणतो, "आपल्या भाऊंचं मन नाही यात. आपण आपलं शांत बसायचं."

त्या कार्यकर्त्याला हे कळलं कसं? भाषणात उमेदवाराविरुद्ध एक शब्द नव्हता. ध्वनिमुद्रण तपासलं तर पक्षशिस्तीचा भंग झाला असं कुणालाही म्हणता येणार नाही. तरीही निरोप पोचला, आणि ज्यांना पोचायला हवा होता त्यांनाच पोचला.

म्हणजे कोडं दुहेरी आहे. मनात नसेल तर पाठिंबा द्यायचाच कशाला? आणि द्यायचाच, तर तो सगळ्यांना थंड वाटावा पण कुणालाच तसं सिद्ध करता येऊ नये, हे साधतं कसं?

न जावं तर लोक बोलतात

भावकीतलं लग्न डोळ्यांपुढे आणा. ज्याच्याशी बांधावरून कोर्टात तारखा चालू आहेत, त्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न. जायचं मन नसतं, पण न गेलं तर चार लोक आपल्यालाच नावं ठेवणार. म्हणून माणूस जातो. अक्षता टाकतो, आहेराचं पाकीट देतो, वहीत नाव लिहिलं गेलं का ते डोकावून पाहतो, आणि पंगत बसायच्या आत गाडी काढतो. आदल्या रात्री मांडवात राबणं, पाहुण्यांना स्टँडवरून आणणं, पंगतीत वाढायला उभं राहणं यातलं काही तो करत नाही. हजेरी लागते, हात लागत नाही.

राजकारणातला कोमट पाठिंबा याच हिशेबानं चालतो. नाराज नेत्यानं उघड विरोध केला आणि उमेदवार पडला, तर पाडल्याचं खापर त्याच्यावर फुटतं. उघड विरोध करूनही उमेदवार निवडून आला, तर पाच वर्षं वनवास. मनापासून राबला आणि उमेदवार जिंकला, तर श्रेय उमेदवाराचं, शिवाय विद्यमान आमदाराचं तिकीट पुढच्या वेळी कापणं आणखी अवघड. त्याच्या सर्वांत सोयीचा निकाल एकच: उमेदवार पडावा आणि बालंट मात्र आपल्यावर येऊ नये. हे उघड बोलता येत नाही, म्हणून ते पाठिंब्याच्या तापमानातून साधायचं.

अमेरिकेत हा पेच आणखी टोकदार होतो. तिथे एकाच पक्षाचे इच्छुक आधी महिनोन्महिने जाहीरपणे एकमेकांवर तुटून पडतात, आणि पक्षाची उमेदवारी कोणाला हे राज्याराज्यांतल्या प्राथमिक निवडणुकांत ठरतं. हरलेल्यानं मग त्याच माणसासाठी मतं मागायची असतात, ज्याला काल त्यानं नालायक ठरवलं होतं. शिवाय प्रतिस्पर्धी राष्ट्राध्यक्ष झाला तर तो बहुधा दोनदा उभा राहणार, म्हणजे आपली पाळी आठ वर्षांनी. पन्नाशीतल्या माणसाला आठ वर्षं थांबता येतं. पासष्टीतल्याला ते जड जातं.

आपल्याकडे प्राथमिक निवडणुका नाहीत. भांडण बंद दाराआड होतं, तिकीट वरून येतं, आणि नाराजाची समजूत विधान परिषदेच्या किंवा महामंडळाच्या आश्वासनानं काढली जाते. त्यालाच 'पुनर्वसन' म्हणतात. आश्वासन जितकं पातळ, तितका पाठिंबाही पातळ.

१९६९: अर्जावर सही, मतं दुसऱ्याला

या कलेचा भारतातला सर्वांत मोठा प्रयोग राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत झाला. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचं निधन झालं. काँग्रेसमध्ये तेव्हा पंतप्रधान इंदिरा गांधी आणि पक्षसंघटना ताब्यात असलेली ज्येष्ठ मंडळी यांच्यात ओढाताण चालू होती. या मंडळींना वर्तमानपत्रांनी 'सिंडिकेट' असं नाव दिलं होतं. त्यांत कामराज होते, पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा होते, मुंबईचे स. का. पाटील होते. जुलैत बंगळुरूच्या अधिवेशनात पक्षाच्या संसदीय मंडळानं इंदिरा गांधींच्या मनाविरुद्ध नीलम संजीव रेड्डी यांचं नाव पक्कं केलं. गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांनीही तिथे रेड्डींच्याच बाजूनं मत दिलं.

पंतप्रधानांनी काय करावं? पक्षाचा उमेदवार नाकारला तर शिस्तभंग त्यांच्या माथी. त्यांनी रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर सही केली. कागदोपत्री यापेक्षा भक्कम पाठिंबा असू शकत नाही. पण त्याच दिवसांत त्यांनी मोरारजी देसाई यांच्याकडून अर्थखातं काढून घेतलं, १९ जुलैला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं आणि भांडणाला व्यक्तींऐवजी धोरणाचं रूप दिलं. तिकडे हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी अपक्ष म्हणून उभे राहिले.

विरोधकांमध्ये जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष यांचा पाठिंबा चिंतामणराव देशमुख यांना होता. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर नेहरूंच्या मंत्रिमंडळातून राजीनामा देणारे अर्थमंत्री. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मतदार पसंतीक्रम लिहितो: पहिली पसंती कुणाला, दुसरी कुणाला. निजलिंगप्पा यांनी या दोन पक्षांकडे रेड्डींसाठी दुसऱ्या पसंतीची मतं मागितली. इंदिरा गांधींच्या गोटाला हवं ते निमित्त मिळालं. पक्षाध्यक्षच उजव्या पक्षांशी हातमिळवणी करतात, मग काँग्रेसच्या आमदार-खासदारांनी डोळे मिटून मत का द्यावं, असा सवाल आला. पंतप्रधानांनी रेड्डींसाठी पक्षादेश काढायला नकार दिला, आणि मतदानाच्या तोंडावर सांगितलं की प्रत्येकानं आपल्या विवेकबुद्धीनुसार मत द्यावं.

'रेड्डींना मत देऊ नका' असं त्या कुठेच म्हणाल्या नाहीत. गिरींचं नावही घ्यायची गरज नव्हती. सर्वोच्च नेता जेव्हा पक्षाचा उमेदवार समोर असताना 'तुमचं तुम्ही ठरवा' म्हणतो, तेव्हा ठरवायला फारसं काही उरत नाही.

१६ ऑगस्टला मतदान झालं. पहिल्या पसंतीत मतमूल्यानुसार गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मतं होती. कुणालाच निम्म्याहून अधिक नव्हती, म्हणून दुसऱ्या पसंतीची मोजणी झाली आणि गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निवडून आले. जिंकायला ४,१८,१६९ लागत होती. म्हणजे दोन हजारांहून कमी मतमूल्याच्या फरकानं त्यांनी ती रेषा ओलांडली. दुसऱ्या पसंतीत रेड्डींची भर नव्वद हजारांच्या वर पडली, गिरींची अठरा-एकोणीस हजारांची. म्हणजे देशमुखांच्या मतदारांनी रेड्डींना भरपूर साथ दिली. घात घरातून झाला होता. मतदान गुप्त असल्यानं कुणाचं मत कुठे गेलं याचा हिशेब मागायची सोयही नव्हती, आणि कोमट पाठिंब्याला याहून पोषक हवा नाही. १२ नोव्हेंबरला काँग्रेसनं पंतप्रधानांनाच पक्षातून काढलं आणि पक्ष फुटला. त्या फुटीत यशवंतराव मात्र इंदिरा गांधींच्या बाजूला राहिले.

न उच्चारलेलं ऐकू कसं येतं

आता पुन्हा जीपमधल्या कार्यकर्त्याकडे. त्याला जे उमगलं, त्याचं शास्त्र पॉल ग्राइस या ब्रिटिश तत्त्वज्ञानं मांडलं. १९६७ च्या आपल्या व्याख्यानांत त्यानं एक उदाहरण दिलं. तत्त्वज्ञानाच्या जागेसाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्याबद्दल प्राध्यापक शिफारसपत्र लिहितात, आणि त्यात म्हणतात एवढंच की याचं इंग्रजी उत्तम आहे आणि तो तासाला नियमित हजर असतो. पत्रात निंदेचा शब्द नाही. पण वाचणारा लगेच ओळखतो की तत्त्वज्ञानात याला गती नाही. ग्राइसचं म्हणणं असं: बोलणारा प्रसंगाला जेवढं आवश्यक तेवढं सांगेल असं आपण गृहीत धरतो. त्यानं त्याहून कमी सांगितलं, की उरलेली जागा ऐकणारा स्वतः भरतो. प्रचारसभा हा स्तुतीचा प्रसंग. तिथे स्तुतीचं माप कमी पडलं की ते कमी पडलेलंच ऐकू येतं.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण २४ ऑगस्ट १९६० चं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांची कारकीर्द संपत आली होती, आणि आठ वर्षं त्यांचे उपराष्ट्राध्यक्ष राहिलेले रिचर्ड निक्सन उमेदवार होते. पत्रकार परिषदेच्या अखेरीस एकानं विचारलं, निक्सन यांची अशी एखादी मोठी कल्पना सांगाल का, जी तुम्ही स्वीकारली? आयझेनहॉवर म्हणाले, एक आठवडा द्या, कदाचित एखादी आठवेल. आत्ता आठवत नाही. निक्सन आपल्या अनुभवावर मतं मागत होते आणि त्या अनुभवाचा मुख्य साक्षीदार हे बोलून गेला होता. विरोधी उमेदवार जॉन केनेडी यांच्या प्रचारकांनी ते वाक्य दूरदर्शनवरच्या जाहिरातीत वापरलं, आणि २६ सप्टेंबरच्या पहिल्या वादचर्चेत एका पत्रकारानं निक्सन यांना त्यावरच प्रश्न केला. देशभरात मिळून निक्सन सुमारे एक लाख बारा-तेरा हजार मतांनी मागे राहिले. तो पराभव या एका वाक्यामुळे झाला असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. आयझेनहॉवर यांना 'पुढच्या आठवड्यातल्या परिषदेत सांगतो' एवढंच म्हणायचं असावं, असाही एक अर्थ लावला जातो, आणि अखेरच्या टप्प्यात त्यांनी निक्सन यांचा प्रचारही केला. पण थंडपणा हेतुपुरस्सर असो वा जीभ घसरल्याचा, ऐकणाऱ्याला तो सारखाच लागतो.

रोनाल्ड रेगन यांचं तसं नव्हतं. त्यांना शब्दांवर पुरती हुकूमत होती. १९७६ मध्ये कॅन्सस सिटीच्या अधिवेशनात ते राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्याकडून १,०७० विरुद्ध १,१८७ अशा थोड्या फरकानं हरले. शेवटच्या रात्री फोर्ड यांनी त्यांना मंचावर बोलावलं. रेगन चार शब्द बोलले, ते शंभर वर्षांनी उघडायच्या एका पेटीत ठेवण्यासाठी लिहायच्या पत्राबद्दल: तेव्हाची माणसं आपल्याबद्दल काय म्हणतील, आपण त्यांच्यासाठी स्वातंत्र्य टिकवलं की नाही. सभागृह भारावून गेलं. फोर्ड यांनी काय केलं, त्यांना का निवडावं, यावर त्यात जवळपास काही नव्हतं. उमेदवार एक ठरला होता, आणि प्रतिनिधींची मनं दुसऱ्यानं जिंकली होती. फोर्ड त्या नोव्हेंबरात विरोधी पक्षाच्या कार्टर यांच्याकडून हरले, आणि रेगन प्रचाराला पुरेसे उतरले नाहीत ही सल त्यांच्या मनात राहिली.

चार वर्षांनी हाच प्रसंग राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्यावर आला. १९८० मध्ये एडवर्ड केनेडी यांनी त्यांना पक्षातच आव्हान दिलं आणि ते हरले. न्यूयॉर्कच्या अधिवेशनातलं त्यांचं भाषण आजही नावाजलं जातं. त्यात कार्टर यांच्या वाट्याला विजयाबद्दलचं एक अभिनंदन आलं. शेवटच्या रात्री दोघांनी एकमेकांचा हात धरून उंचावायचा, हे दृश्य सगळ्यांना हवं होतं. केनेडी उशिरा आले, हस्तांदोलन केलं, मंचावरच्या इतरांना भेटत राहिले. राष्ट्राध्यक्ष त्यांच्या मागे मागे फिरताहेत, असं चित्र दूरदर्शननं घरोघर पोचवलं. मला इथे केनेडींपेक्षा कार्टर यांची चूक मोठी वाटते. पाठिंबा मागावा, पण कॅमेऱ्यासमोर मागू नये. नोव्हेंबरात कार्टर यांनी राजधानीखेरीज फक्त सहा राज्यं जिंकली.

जॉन मॅकेन यांनी २००० साली थंडपणाची जवळजवळ थट्टाच केली. जॉर्ज बुश यांच्याशी त्यांची लढत फार कडवट झाली होती. ९ मे रोजी पिट्सबर्गला दोघे पत्रकारांसमोर आले, तेव्हा 'पाठिंबा' हा शब्द मॅकेन यांनी उच्चारला नव्हता. कुणीतरी तो मुद्दा काढल्यावर त्यांनी बुश यांना पाठिंबा देत असल्याचं वाक्य लागोपाठ अनेकदा म्हणून दाखवलं. शब्द मागितला होता, शब्द मिळाला.

शब्द फुकट, गाड्या महाग

शब्दांवरून तापमान ओळखता येतं ते इथवर. मुरलेला नेता शब्दही गरम वापरतो. मग पाहायचं काय?

अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेली कल्पना इथे उपयोगी पडते. त्यांना २००१ साली नोबेल मिळालं ते या विषयातल्या कामासाठीच. त्यांचा मुद्दा साधा आहे. ज्या खुणेसाठी काही किंमत मोजावी लागते, आणि ती किंमत खोट्या माणसाला जास्त जड जाते, तीच खूण भरवशाची. 'मी तुमच्याबरोबर आहे' हे मन असलेलाही म्हणतो आणि मन नसलेलाही, कारण म्हणायला काही लागत नाही. पण स्वतःचे बूथप्रमुख कामाला लावणं, स्वतःच्या गाड्या आणि डिझेल घालणं, देणगीदारांना फोन करणं, रात्री अकराला नाराज वस्तीत जाऊन शिव्या खाणं, याला किंमत पडते. शिवाय एक किंमत न दिसणारी असते. कार्यकर्त्यांना तुम्ही खरोखर राबवलंत तर ते पुढे त्या उमेदवाराचे होऊन जाण्याचा धोका असतो. मन नसलेला नेता हा धोका कधीच पत्करत नाही. आपल्याकडे 'त्यांनी आतून काम केलं' किंवा 'यंत्रणा हलवलीच नाही' असं म्हणतात, ते याच खर्चाबद्दल.

दुसरी खूण वेळेची. टेड क्रूझ यांचं २०१६ चं प्रकरण बघा. उमेदवारीच्या लढतीत डोनाल्ड ट्रम्प यांनी त्यांच्या पत्नीच्या रूपाची टर उडवली होती, वडिलांवर जॉन केनेडी यांच्या हत्येशी संबंध जोडणारे आरोप केले होते. २० जुलैला क्लीव्हलंडच्या अधिवेशनात क्रूझ यांनी ट्रम्प यांचं अभिनंदन केलं आणि मग लोकांना विवेकबुद्धीला स्मरून मत द्या म्हणून सांगितलं. आपल्याला १९६९ ची आठवण व्हावी अशीच ही युक्ती. पण इंदिरा गांधींच्या हाती सत्ता होती आणि मतदार होते आमदार-खासदार. क्रूझ यांच्यासमोर ट्रम्प यांचेच चाहते बसले होते, आणि त्यांनी हुर्यो उडवली. दोन महिन्यांनी, २३ सप्टेंबरला, क्रूझ यांनी फेसबुकवर लिहून पाठिंबा दिला. कारणं दोन: मी शब्द दिला होता, आणि हिलरी क्लिंटन आपल्याला परवडणार नाहीत. ट्रम्प चांगले आहेत, हे तिसरं कारण त्यात नव्हतं.

त्याच वर्षी दुसऱ्या पक्षात बर्नी सँडर्स यांनी १२ जुलैला, क्लिंटन यांना शेजारी उभं करून, न्यू हॅम्पशरमध्ये पाठिंबा जाहीर केला. त्यालाही उशीर झाला अशी कुरकुर झाली. पण पुढे ते राज्याराज्यांत सभा घेत फिरले, आणि मी तरी त्याला कोमट म्हणणार नाही. थोडक्यात, आधीची कटुता ही थंडपणाची खूण नव्हे. कडवा प्रतिस्पर्धी जेव्हा खर्च करून साथ देतो, तेव्हा त्याच्या शब्दाला मित्राच्या शब्दाहून जास्त वजन येतं, कारण मित्र स्तुती करणारच हे सगळ्यांनी धरलेलं असतं.

| चौकट: पाठिंब्याचं तापमान कसं पाहाल |
|---|
| नाव: उमेदवाराचं नाव आलं, की फक्त पक्ष, चिन्ह आणि वरिष्ठ नेते? |
| कारण: 'हा चांगला' की नुसतं 'तो दुसरा वाईट'? |
| वेळ: लढत संपताच, की इलाज उरला नाही तेव्हा? |
| ठिकाण: स्वतःच्या बालेकिल्ल्यात सभा घेतली, की दुसऱ्याच्या तालुक्यात हजेरी लावली? |
| खर्च: माणसं, गाड्या, पैसा, रात्री. हे एक कळलं तर बाकीचं नाही पाहिलं तरी चालेल. |

पण मतं वळतात का?

इथे नेत्यांना न आवडणारी गोष्ट सांगायला हवी. नेत्याचा पाठिंबा म्हणजे नेत्याची मतं नव्हेत.

२००८ मध्ये हिलरी क्लिंटन यांनी बराक ओबामांना दिलेला पाठिंबा चांगला सढळ होता. ७ जूनला त्यांनी तो जाहीर केला, आणि ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनात मतगणना थांबवून ओबामांना एकमतानं उमेदवार करण्याचा प्रस्ताव स्वतः मांडला. तरी त्यांच्या प्राथमिक फेरीतल्या मतदारांपैकी, निरनिराळ्या पाहण्यांनुसार, साधारण १५ ते २५ टक्क्यांनी नोव्हेंबरात विरोधी पक्षाच्या मॅकेन यांना मत दिलं. २०१६ मध्ये सँडर्स यांच्या मतदारांपैकी सुमारे १२ टक्के ट्रम्प यांच्याकडे गेल्याचं एका मोठ्या पाहणीत दिसलं. जास्त गळती झालेली निवडणूक ओबामांनी जिंकली, कमी गळतीची क्लिंटन हरल्या. पाठिंबा गरम असूनही लोक जातात, कारण पुष्कळ मतदार मुळात नेत्याचे नसतातच. ते एखाद्या प्रश्नामुळे, रागामुळे किंवा समोरच्याला कंटाळून त्याच्याकडे आलेले असतात.

महाराष्ट्रात याचा धडा सांगलीनं २०२४ मध्ये दिला. काँग्रेसचा हा परंपरागत मतदारसंघ महाविकास आघाडीच्या वाटपात शिवसेनेच्या उद्धव ठाकरे गटाकडे गेला आणि उमेदवारी डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील यांना मिळाली. वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहिले. चिन्ह मिळालं लिफाफा. आघाडीचा धर्म म्हणून काँग्रेसचा अधिकृत पाठिंबा चंद्रहार यांनाच होता. पण जागा गेल्याचं दुःख स्थानिक काँग्रेसनं लपवलं नव्हतं, आणि कार्यकर्त्यानं त्यातून काय घ्यायचं ते घेतलं. निकाल असा: विशाल पाटील ५,७१,६६६, भाजपचे संजयकाका पाटील ४,७१,६१३, आणि तीन पक्षांचा अधिकृत पाठिंबा असलेले चंद्रहार पाटील ६०,८६०. अनामत जप्त. निकालानंतर दोनच दिवसांत विशाल पाटील यांनी दिल्लीत काँग्रेस नेत्यांना पाठिंब्याचं पत्र दिलं, ९९ खासदारांची काँग्रेस शंभरावर गेली, आणि बंडखोरीचा विषय मिटला. अधिकृत पाठिंबा एकीकडे आणि मतं दुसरीकडे, इतकी स्वच्छ फाळणी आकड्यांत क्वचितच दिसते.

मग कोमट पाठिंब्याचा परिणाम नेमका कशावर होतो? माझ्या मते, सामान्य मतदारावर थोडा आणि मधल्या फळीवर खूप. सरपंच, नगरसेवक, साखर कारखान्याचा संचालक, बूथवरचा पोरगा यांना स्वतःचं मन असतंच, पण उघड वागायला नेत्याची आडून परवानगी लागते. थंड भाषण ती परवानगी देतं. सांगलीत लोकांच्या मनात आधीच होतं ते करायला कुणी अडवलं नाही, इतकंच. जिथे कार्यकर्त्यांचं मन नेत्याहून वेगळं असतं, तिथे नेत्याचा थंडपणा वाया जातो, जसा क्लीव्हलंडला क्रूझ यांचा गेला.

देणाऱ्याला काय मिळतं

रेगन १९८० मध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. इंदिरा गांधींनी पक्ष फोडून १९७१ ची लोकसभा जिंकली. पण या दोघांमागे स्वतःचा मोठा जनाधार होता, पाठिंबा कोमट ठेवण्याचं कसब हे दुय्यम. एडवर्ड केनेडी पुन्हा त्या शर्यतीत उतरलेच नाहीत. क्रूझ यांना दोन वर्षांनी टेक्सासमधली स्वतःची जागा वाचवायला ट्रम्प यांची सभा घ्यावी लागली.

शिकण्यासारखी वाट मॅकेन यांची आहे. २००० मध्ये त्यांनी बुश यांना चव नसलेला पाठिंबा दिला. २००४ मध्ये मात्र त्याच बुश यांच्यासाठी ते देशभर फिरले, अधिवेशनात त्यांच्या बाजूनं बोलले. पक्षानं पहिलं विसरून दुसरं लक्षात ठेवलं, आणि २००८ ची उमेदवारी त्यांना मिळाली. तेव्हा बुश यांची लोकप्रियता तळाला गेली होती, आणि पाठिंबा कोमट असावा ही गरज आता घेणाऱ्याची होती. त्या वर्षी अधिवेशनाच्या सुरुवातीलाच गुस्ताव चक्रीवादळ आलं आणि बुश यांचं भाषण व्हाइट हाउसमधून पडद्यावर झालं. मॅकेन यांच्या प्रचारकांना त्याचं फार वाईट वाटलं नसावं.

तुमच्या मतदारसंघात पुढच्या वेळी समेट झाल्याचं वाचाल, तर खात्री करून घ्यायचा एक मार्ग सगळ्यांना खुला आहे. मतमोजणीनंतर प्रत्येक मतदान केंद्रावर कुणाला किती मतं पडली याचा तक्ता निवडणूक यंत्रणा प्रसिद्ध करते. त्याला 'फॉर्म २०' म्हणतात आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो मिळतो. नाराज नेत्याच्या स्वतःच्या गावातली केंद्रं त्यात शोधा, आणि मागच्या निवडणुकीतले आकडे शेजारी ठेवून वाचा.